सर्वेला निघण्याआधी

परवा विचारलंस ना, दादा, एवढे फॉर्म भरून गावात बदलतं काय? नुसते भरून काहीच नाही.

माझा पहिला सर्वे यवतमाळकडचा, कर्जावरचा. भर दुपारी ओसरीवर, सासऱ्यासमोर सुनेला विचारत बसलो. उत्तर एकच, "सोसायटीचं हाय थोडंसं." आठवड्यानं तीच बाई पराटीत भेटली. तिच्यासोबत मीही कापूस वेचू लागलो. ओटी भरता भरता सावकार, बचत गटाचा हप्ता, कृषी केंद्रातली बियाण्याची उधारी, सगळं निघालं. माझ्या फॉर्मात उधारीला रकानाच नव्हता!

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं आधी गावोगावचे बालमृत्यू मोजले, मग गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. ३९ गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करते, त्यामागे ही मोजणी आहे. तिथल्याच मेंढा-लेखा गावचे लोक तर अभ्यास गटात बसून स्वतःच शिकले. २००९ मध्ये त्यांना गावाच्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

म्हणून आकडे साहेबांआधी ग्रामसभेत वाच. कोणीतरी उठून "हे चूक हाय" म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नकोस, लिहून घे. पाण्याचं विचारताना 'पुरेसं आहे का' नको. घरी पाण्याचे किती गुंड, म्हणजे हंडे, येतात ते विचार, आणि आणतं कोण तेही.

आणि वेचणीच्या दिवसांत सकाळी कोणाच्या दारात जाऊ नको. कुलूपच दिसेल.