नकाशावरचा धूसर तुकडा

प्रश्न : उपग्रह नकाशे बघत बसायचा मला नाद आहे. परवा एका परदेशी शहरावर फिरताना रस्त्यावरचे पांढरे पट्टेसुद्धा स्वच्छ दिसत होते, आणि मध्येच एक तुकडा ओलं बोट फिरवल्यासारखा पुसट. हे सरकारच्या सांगण्यावरून करतात का? आणि त्यानं खरंच काही लपतं का?
– एक वाचक

उत्तर : पुसट दिसलं की सरकारवर संशय घेऊ नका. हे नकाशे वेगवेगळ्या वर्षी टिपलेल्या चित्रांचे तुकडे जोडून होतात. एखादा तुकडा नुसता जुना असतो. हवाई छायाचित्रं वाचण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मी आधी कडा बघतो. धूसरपणा कुंपणाला धरून वळत असेल, तर कुणीतरी मुद्दाम हात फिरवलाय.

तो हात नकाशावाल्या कंपनीचाच असतो असं नाही. नेदरलँड्समधला व्होल्केल हवाई तळ बरीच वर्षं झाकलेला दिसायचा. चित्रं गूगलकडे यायच्या आधीच झाकलेली असत. इस्रायलची गोष्ट आणखी वेगळी. त्या देशाची फार बारीक चित्रं विकायला अमेरिकेनं १९९६मध्ये आपल्याच कंपन्यांना कायद्यानं बंदी केली. व्यवहारात मर्यादा होती २ मीटरची, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवरचे २ मीटर व्यापतो आणि अख्खी मोटार दोनेक ठिपक्यांत संपते. २०२०मध्ये ती ४० सेंटिमीटरवर आली.

आता लपण्याचं. रशियाच्या यांडेक्स नकाशानं इस्रायल आणि तुर्कस्तानातली लष्करी ठिकाणं एकेक करून धूसर केली होती. २०१८मध्ये मॅट कोर्डा या अभ्यासकानं ती सगळी शोधून काढली, तर तीनशेच्या वर भरली. कुठे आहे, हद्द कुठवर आहे, सगळं आयतं! एरवी अशी यादी करायला हेरांची पलटण लागली असती. चीनमध्येही तेच. शिनजियांगमधल्या काही जागांवर बायडू या चिनी कंपनीच्या नकाशात रिकामे चौकोन येत. पत्रकारांनी ते चौकोन हेरून इतर उपग्रहचित्रांशी ताडले आणि लोकांना डांबून ठेवायच्या छावण्या शोधल्या. त्या कामाला २०२१चं पुलित्झर हे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक मिळालं.

तुरुंगांबद्दल मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. २०१८मध्ये फ्रान्समध्ये एक नामचीन गुन्हेगार हेलिकॉप्टरनं पळाला, तेव्हा तिथल्या सरकारनं तुरुंगांची चित्रं धूसर करायला लावली. मागणी समजू शकते. पण हेलिकॉप्टर उतरलं ते ज्या अंगणावर जाळी नव्हती तिथेच. आधी जाळी लावा की राव!

तुमच्या तुकड्याचा छडा लावायचा तर तीच जागा दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर बघा. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रंही उघडता येतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. १० मीटरचा एक ठिपका, त्यामुळे माणूस-मोटार काही दिसणार नाही, पण धावपट्टी किंवा मोठी इमारत असेल तर कळेल. बाकी सगळीकडे स्वच्छ आणि एकाच नकाशावर पुसट निघालं, तर तुमचा संशय बरोबर धरायला हरकत नाही.