अंगणातलं लिंबू आणि मोसंबी दोन वर्षं झाली तरी फळत नाहीत, पानं पिवळी आणि वाकडी होतायत, काय फवारू?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला घराच्या मागे दोन वर्षांपूर्वी लिंबू आणि मोसंबी लावली, रोज पाणी घालताय तरी फूल एक नाही. मला यातलं खटकलं ते "रोज पाणी". आम्ही राजेंद्रनगरला राहतो, इकडची काळी माती वरून भेगाळलेली दिसते पण वीतभर उकरलं की खाली चिखल, आणि या जातीच्या झाडांना दुसरं काहीही एकवेळ चालतं, मुळाशी साचलेलं पाणी नाही चालत. माझी पहिली लिंबोणी अशीच गेली. आई रोज सकाळी प्रेमाने बादलीभर पाणी थेट बुंध्यात ओतायची, पावसाळ्यात बुंध्याची साल फाटून डिंक यायला लागला, आम्हाला वाटलं झाडाला डिंक येतोच, त्यात काय, आणि दिवाळीपर्यंत झाड उभं वाळलं. तो डिंक्या रोग होता, ओल साचली की फायटोफ्थोरा बुरशी सालीत शिरते त्याने होतो.

म्हणून आधी आळं बदला, औषध नंतर. बुंध्याला लागून वीतभर माती उंच करा आणि तिच्या बाहेर, फांद्यांच्या घेराखाली, गोल चर काढून पाणी तिथेच द्या, बारीक मुळं तिथेच असतात. फक्त कलमाचा जोड मातीत गाडला जाऊ देऊ नका. बोट खुपसून दोन-तीन इंच खाली कोरडं लागलं तरच पाणी, थंडीत आठ-दहा दिवस सहज जातात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम चुना प्लास्टिकच्या दोन भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवायचे आणि मग एकत्र करायचे. लोखंडाचं भांडं नको.

फळाचं म्हणाल तर दोन वर्षं कमीच आहेत हो. बी पासून केलेलं कागदी लिंबू चार-पाच वर्षं घेतं, कलम असेल तर तिसऱ्या वर्षी थोडं धरतं, आणि आधी चार फळं आली तरी मी तोडून टाकते कारण झाडाने अंग धरायला पाहिजे. पण मोसंबी आज जाऊन नीट बघा. ती बहुतेक जंबेरी नावाच्या जाड सालीच्या लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, मोसंबीचा डोळा भरून केलेली असते, जोडाच्या खालून जोरदार काटेरी फुटवा आला तर तो जंबेरीचा, वेळेवर नाही काढला तर तोच झाड होऊन बसतो. माझ्याकडे तेच झालं, मी तीन वर्षं खत घातलं आणि आली ती खरखरीत जाड सालीची लिंबं, फार वाईट वाटलं होतं.

आता किडी. घरात कढीपत्ता किंवा कुंपणाला कामिनी आहे का? दोन्हींवर सिट्रस सिला नावाची बारीक कीड पोसते, कोवळ्या शेंड्यांचा रस ओढते, पानं वाकडी होतात, आणि ग्रीनिंग नावाचा न बरा होणारा रोग तीच पसरवते, म्हणून फवाराल तेव्हा कढीपत्त्यावरही फवारा. पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेघा असतील तर नागअळी, ती फक्त नवीन पालवीवर येते, आणि युरिया ढोसला की नवीन पालवी सतत येते आणि अळीला सतत जेवण मिळतं. ती खराब पानं छाटू नका, अजून फुटवा येईल. कडुलिंबाचं तेल लिटरला 5 मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी, कोवळी पालवी निघते तेव्हा. नागअळीच्या जखमांतूनच पावसात खैऱ्या रोग शिरतो, खरबरीत तपकिरी डाग दिसतात, त्याला कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 3 ग्रॅम. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबावरच्या फुलपाखराची, हातानेच उचला, दोन झाडांना औषध कशाला. फुलं असताना मात्र काहीच फवारू नका, मधमाश्या येतात.

पिवळेपणाचं असं आहे की शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर बहुतेक झिंक कमी, बोरिंगच्या जड पाण्याने ते आणखी अडकतं, नर्मदेचं मिळत असेल तर तेच द्या. झिंक सल्फेट 5 ग्रॅम आणि विरलेला चुना 2.5 ग्रॅम लिटरभर पाण्यात, पानांवर. पण शिरासुद्धा पिवळ्या असतील तर मुळांची तक्रार आहे, म्हणजे परत पाणीच.

कोणी सांगेल डिसेंबरात पाणी तोडा म्हणजे आंबे बहार (आंब्याच्या मोहोराच्या सुमारास लिंबा-मोसंबीला येणारा फुलोरा) धरेल. खरं आहे ते, ताणाने जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं, पण ते चार वर्षांच्या वरच्या झाडाला, तुमच्या पोरांना अजिबात नको.

आज बुंधा बघा, डिंक दिसला तर ती साल धारदार चाकूने चांगला भाग लागेपर्यंत खरवडून पेस्ट लावा आणि रोजचं पाणी थांबवून आळं बदला, बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल.