अडकलेला दुसरा पेपर

(२०२५ च्या पावसाळ्यातली प्रश्नोत्तरं; यातली ११०१-११०२ मालिका आता बंद झाली आहे.)

प्रश्न : सर, मी सव्वीस वर्षांचा, राहणार सुदामानगर, इंदूर. आर.एन.टी. मार्गावरच्या एका दुकानात चार वर्षं कम्प्यूटर दुरुस्त करतोय. कॉम्पटिया ए प्लस या कम्प्यूटर दुरुस्तीच्या प्रमाणपत्राला दोन पेपर लागतात. त्यातला कोअर १, म्हणजे २२०-११०१, एप्रिलमध्ये पास झालो. जूनमध्ये कोअर २, म्हणजे ११०२, पहिल्यांदा दिला. ६६८ आले, लागतात ७००. ११०१-११०२ ही मालिका २५ सप्टेंबर २०२५ ला बंद होतेय, नवी १२०१-१२०२ आलीय. दुकानातला मित्र म्हणतो, ‘भिया, जुनं सोड, सरळ नवं दे. जुन्याला पुढे कोण विचारतो?’ आई म्हणते, पितृपक्षात तर बसूच नकोस. काय करू?

उत्तर : जुनाच दे, आणि गणपती बसायच्या आत दे.

तुझ्या मित्राला एक गोष्ट ठाऊक नाही. ए प्लसचे दोन्ही पेपर एकाच मालिकेतले लागतात. ११०१ ला १२०२ जोडता येत नाही. २५ सप्टेंबर उलटला की तुझा एप्रिलचा पेपर वाया, मग १२०१ आणि १२०२ दोन्ही द्यायचे, दोन्हींची पूर्ण फी भरून. २०१९ च्या जानेवारीत १००१-१००२ ही तेव्हाची नवी मालिका आली, त्या वेळी माझा जुन्यातला ९०१ झालेला होता, ९०२ राहिला होता. ‘नवं नीट बघू, मग ठरवू’ म्हणत बसलो आणि ३१ जुलैला जुनी मालिका बंद झाली. ९०१ चा निकाल अजून फाइलीत आहे. दर दिवाळीला रद्दी काढताना बायको विचारते, हा ठेवायचाय का?

जुना देऊनही हातात पडतं ते ए प्लसच, आणि मालिका बंद झाली तरी ते तीन वर्षं चालतं. नव्या कोअर २ मध्ये ऑपरेटिंग सिस्टीमचा वाटा ३१ टक्क्यांवरून २८ झालाय, सुरक्षेचा २५ वरून २८, शिवाय एआयची तोंडओळख आलीय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय म्हणून बिचकू नकोस, ११०२ मध्ये विंडोज ११ सुद्धा आहे.

आता ते कमी पडलेले ३२ गुण. ते ३२ प्रश्न नव्हेत. प्रश्नच जास्तीत जास्त ९०, मोजणी १०० ते ९०० च्या पट्टीवर. ५५० आले असते तर मीही नव्याचा विचार केला असता. स्कोअर रिपोर्टवर कुठल्या मुद्द्यांवरचे प्रश्न चुकले ते दिलेलं असतं, ते काढून बघ. माझी पैज, व्हायरस काढायच्या पायऱ्या त्यात असतील. दुकानात आपण काय करतो? गिऱ्हाइकाचा डेटा काढतो, फॉरमॅट मारतो, संध्याकाळी मशीन देऊन मोकळे. पेपरात आधी लक्षणांची खात्री, मग मशीन नेटवर्कपासून वेगळं, मग सिस्टीम रिस्टोर (विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणारी सोय) बंद, त्यानंतर साफसफाई. पुढे ठरावीक वेळी स्कॅन लावायचा, रिस्टोर चालू करून नवा रिस्टोर पॉइंट घ्यायचा, आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाइकाला समजवायचं. ‘यानंतर काय कराल?’ म्हटलं की रोज हात चालवणारा माणूस मधल्या दोन पायऱ्या गाळून उत्तर देतो. तुझी चार वर्षं इथेच आडवी येतात. दुकानाचं शटर उघडण्याआधी अर्धा तास बस आणि हे क्रम न बघता कागदावर लिहून काढ.

तारीख अशी धर. दुसऱ्यांदा बसायला थांबावं लागत नाही, तिसऱ्यांदा मात्र आधीच्या पेपरापासून १४ दिवस जावे लागतात. २३ ऑगस्टला शनिवार आहे, तेव्हा दे. नाहीच जमलं तर चौदा दिवस ६ सप्टेंबरला भरतात, पण त्या दिवशी अनंत चतुर्दशी. रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघ, पेपर पुढच्या आठवड्यात. घरून ऑनलाइन देणार असशील तर गणपतीचे दहा दिवस विसरच. खोलीत दुसऱ्याचा आवाज आलेला चालत नाही, आणि हे गल्लीतल्या मंडपवाल्यांना कोण सांगणार?

आईला सांग, पितृपक्षात नवं काही सुरू करत नाहीत, हा तर राहिलेला पेपर आहे. तरी नाहीच पटलं तर घटस्थापना २२ सप्टेंबरला आहे, पण मग हातात उरतात चारच दिवस. म्हणूनच म्हणतो, २३ ऑगस्ट.