जाऊबाईंना लागू पडलं, मग मला का नाही?

वजन असो, साखर असो की पित्त, आहाराचा सल्ला मागायला आलेल्या बहुतेकांच्या बोलण्यात एक खंत असतेच. शेजारणीला, मेहुण्याला जे लागू पडलं ते मला का लागू पडत नाही? आणि मग जरा आवाज खाली आणून, माझीच जिद्द कमी पडते का?

सुनंदाही हेच विचारत आली. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ३८, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर काम. "मॅडम, जाऊबाईंचं दोन महिन्यांत सात किलो उतरलं. मी पण तेच खायलेय की. माझं उलट दीड किलो वाढलं."

'तेच' म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरत आलेला एक तक्ता. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, अकराला वाटीभर काकडी-टोमॅटो, दुपारी सूप आणि मोड आलेली मटकी, संध्याकाळी सातनंतर तोंडात काही घालायचं नाही. भाकरी, भात आणि शेंगदाणे बंद. सोलापूरच्या घरात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी बंद केली की ताटात उरतं काय? शिवाय १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा असतो, शेंगदाण्यात २४-२५ ग्रॅम प्रथिनं. भाकरीनंही साखर वाढते, दाण्यात तेल भरपूर असतं, हे खरंच आहे. पण ते किती खायचं हे न सांगता दोन्ही सरसकट वाईट ठरवणारा तक्ता कोणासाठी केला होता, हा प्रश्न मला पडतो.

मी तिला काहीच बदलायला सांगितलं नाही. खाल्लेलं, वेळ आणि तेव्हा कसं वाटलं, एवढं आठवडाभर लिहायला सांगितलं. मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तिनं लिहून आणलं. त्यातला एक दिवस असा: "५ गोळी, चहा. ११ काकडी. १ मटकी थोडी. ४ चक्कर. बिस्किटपुडा, चहा. रात्री १० भाकरी ३, चटणी, उभ्यानं."

तो 'उभ्यानं' शब्द वाचून मला भरून आलं. दिवसभर मशीनवर बसून, घरी येऊन सगळ्यांना वाढून, ओटा आवरता आवरता ही बाई उपाशीपोटी तीन भाकरी खात होती आणि रात्रभर स्वतःला दोष देत होती. सूप तर डब्यात न्यायची सोयच नव्हती. जाऊबाई घरी असतात, भूक लागेल तेव्हा कढईतलं गरम वाढून घेतात, सकाळी फिरायला जातात, रात्री वेळेवर झोपतात. तक्ता दोघींचा एकच असला तरी दिवस एक नव्हता.

पाचची गोळी कसली, असं विचारल्यावर कळलं की ती थायरॉइडची आहे आणि रोज चहाबरोबर घेतली जाते. ही गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाच्या आधी निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. तिला डॉक्टरांकडे पाठवलं. टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड अजून कमीच पडत होतं. हिमोग्लोबिन ८.९. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. चक्कर आणि थकवा कुठून येत होता, ते तिथं दिसलं. याला जिद्द काय करणार?

'सगळ्यांना गुण आला' या वाक्यावर माझा विश्वास नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना वर्षभर दोनपैकी एक आहार दिला, कमी चरबीचा किंवा कमी पिष्टाचा. २०१८ साली निष्कर्ष आले. दोन्ही गटांत वजन सरासरी ५ ते ६ किलो उतरलं, फारसा फरक नाही. पण प्रत्येक गटात काहींचं २५ किलोंहून जास्त उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. कोणाला काय मानवेल हे ठरावीक जनुकांवरून आधी ओळखता येईल, असाही अंदाज होता. तो खरा ठरला नाही. म्हणून जनुकचाचणी करून 'खास तुमचा' आहार विकणाऱ्यांना पैसे देण्याआधी थांबा, असं मी कळकळीनं सांगते. आपल्याला काय मानवतं हे आपल्याच अंगावर, सावकाश, लिहून ठेवत पाहावं लागतं.

सुनंदाचं आम्ही एका वेळी एकच बदललं. आधी गोळीची वेळ. मग डब्यात दीड भाकरी, पालेभाजी किंवा घट्ट आमटी, वर लिंबाची फोड. जेवणानंतरचा चहा तासाभरानं पुढे ढकलला, कारण चहानं लोह अडतं आणि लिंबानं ते अंगी लागायला मदत होते. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवली. चारला बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे. रात्री भाकरी एकच, आणि बसून, सगळ्यांबरोबर. हे शेवटचं जमवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सासूबाईंना एकदा बोलावून घेतलं तेव्हा कुठे झालं.

चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११.२ वर आलं, चक्कर थांबली. वजन तीन किलो उतरलं. जाऊबाईंच्या निम्मंही नाही, पण आता ती ते मोजत बसत नाही.

नंतर एकदा जाऊबाईच आल्या. "मग मी पण भाकरी सुरू करू का?" मी नाही म्हटलं. त्यांना त्या आहारात बरं वाटतं, भूक धरवते. मग उगाच कशाला बदलायचं? पण त्यांना अलीकडे संध्याकाळी हात थरथरून घाम फुटायचा, आणि त्या मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेत होत्या. जेवण कमी झालं आणि ही गोळी तेवढीच राहिली की साखर फार खाली जाऊ शकते. इन्सुलिनचंही तसंच. असं झालं तर आधी साखर किंवा गूळ तोंडात टाका, आणि आहार बदलायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी निम्मी झाली, थरथर थांबली. आहार त्यांचा तोच चालू आहे.