वाचकांचे प्रश्न : सॅलिसबरी व्हायाडक्ट पाहायला जाताना

अमेरिकेतला ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ हा मेरिलँडमधल्या कंबरलंडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंतचा १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरचा सायकलींचा आणि पायी चालण्याचा मार्ग आहे. त्याचा बराचसा भाग बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तयार झाला आहे. त्यावरच्या सर्वांत मोठ्या जुन्या रेल्वेपुलाबद्दल, सॅलिसबरी व्हायाडक्टबद्दल, वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : मुलाकडे पिट्सबर्गला जाणार आहोत. एका दिवसात गाडीने जाऊन हा पूल पाहून परत येता येईल का? पत्ता काय टाकायचा?

येईल. पण फोनमध्ये नुसतं ‘सॅलिसबरी’ टाकू नका. मेरिलँडच्या पूर्व किनाऱ्याकडे याच नावाचं एक मोठं शहर आहे, ते पार वेगळ्या दिशेला. पेनसिल्व्हेनियातलं सॅलिसबरी नावाचं छोटं गावही पुलापासून काही मैल दक्षिणेला राहतं. पुलाला सर्वांत जवळचं गाव मायर्सडेल. तिथलं जुनं वेस्टर्न मेरिलँड स्टेशन आता पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे, तोच पत्ता टाका. पिट्सबर्गहून गाडीने साधारण पावणेदोन ते दोन तास धरा.

स्टेशनच्या अगदी समोरूनच ट्रेल (म्हणजे हाच सायकलींचा आणि पायी मार्ग) जाते. पिट्सबर्गच्या दिशेने (मैलांचे आकडे वाढत जातील तसं) सुमारे दोन मैल गेलात की पूल येतो. पायी जायला पाऊण तास, सायकलीने दहा-पंधरा मिनिटं. प्रवेश फी नाही. मैलांचे दगड कंबरलंडपासून मोजलेले आहेत: कंबरलंड ०, मायर्सडेल ३२, पिट्सबर्ग १५०. शेवटचा पाहिलेला आकडा लक्षात ठेवायची सवय लावून घ्या. या खोऱ्यात फोनला सगळीकडे रेंज नसते, आणि मदत मागवायची वेळ आली तर ‘झाडीत कुठंतरी’ यापेक्षा मैलाचा आकडा हजारपट उपयोगी पडतो.

येताना एक चूक बरेच जण करतात. पुलावर पोचायचं, दोन फोटो काढायचे आणि मागे फिरायचं. पूल १,९०८ फूट (५८२ मीटर) लांब आहे, त्याच्या एका टोकाला उभं राहून त्याचं काहीच कळत नाही. पलीकडच्या टोकापर्यंत चाला आणि परत या. रमतगमत अर्धा तास जातो.

प्रश्न : पूल १९१२चा आहे असं वाचलं. शंभरहून जास्त वर्षांच्या लोखंडी पुलावर इतक्या उंचीवर जाणं सुरक्षित आहे का? तो हलतो का?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

हा पूल वेस्टर्न मेरिलँड रेल्वेने कंबरलंड ते कॉनेल्सव्हिल या मार्गासाठी बांधला. दरीतल्या जमिनीपासून तो १०१ फूट, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीइतका उंच आहे. गुळगुळीत रुळावर पोलादी चाक सहज घसरतं, म्हणून रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही. मार्गाला कॅसलमन नदीचं अख्खं खोरं ओलांडायचं होतं. एकदा दरीच्या तळाशी उतरलं की पुन्हा वर चढताना प्रत्येक मालगाडीला जादा इंजिन लावावं लागलं असतं. म्हणून उंची न सोडता, पोलादी मनोऱ्यांवर पूल टाकून सरळ पलीकडे जाणं पत्करलं.

आता वजनाचं पाहा. हे मनोरे कोळसा ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी उभारले होते. अशा एकेका इंजिनाचं वजन शंभर टनांच्या वर, शिवाय मागे भरलेल्या वाघिणींची रांग आणि ब्रेक लावल्यावर पुलाला लांबीच्या दिशेने बसणारा हिसका. त्यापुढे सायकली आणि माणसं म्हणजे जवळजवळ काहीच नाही. वाहतूक १९७५मध्ये थांबली ती पूल थकला म्हणून नाही. याच खोऱ्यातून १८७१पासून दुसरा रेल्वेमार्ग होता. दोन्ही एकाच मालकीखाली आल्यावर समांतर दोन मार्ग चालवण्यात अर्थ उरला नाही.

जुन्या पुलाला खरा धोका पाणी साचण्याचा असतो. सांध्यांत पाणी मुरलं की गंज धरतो आणि रिव्हेटच्या डोक्यांभोवती पापुद्रे सुटतात. म्हणून वरचा पृष्ठभाग कसा आहे याला महत्त्व. १९९८मध्ये हा पूल ट्रेलसाठी खुला झाला. आता त्यावर काँक्रीटचं सलग डेक आहे आणि दोन्ही बाजूंना कठडा.

वारा असेल तेव्हा किंचित थरथर जाणवू शकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोलाद उष्णतेने वाढतं. तापमानात ४० अंश सेल्सियसचा फरक पडला तर ५८२ मीटरच्या लांबीत सुमारे २८ सेंटिमीटर वाढ होते. ती जागोजागच्या सांध्यांत सामावून घ्यावी लागते. चालणाऱ्याला याचा त्रास नाही, पण अरुंद टायरवाल्यांनी असे सांधे तिरके न कापता काटकोनात ओलांडावेत.

प्रश्न : आईला उंचीची भीती वाटते, वडील व्हीलचेअरवर असतात. त्यांना नेता येईल का?

वडिलांना नक्की न्या. डेक सपाट आहे, एकही पायरी नाही. अडचण आहे ती पुलापर्यंतच्या वाटेची. तिथे बारीक दळलेल्या चुनखडीचा थर दाबून बसवलेला आहे. कोरडा असताना तो चांगला टणक असतो, पण पावसानंतर व्हीलचेअरची पुढची लहान चाकं त्यात रुततात. आदल्या दिवशी जोरदार पाऊस झाला असेल तर बेत एक दिवस पुढे ढकला. येऊन-जाऊन चार मैल होतात, ढकलणारे दोघं असावेत.

आईंना पुलाच्या मधोमध चालू द्या, कठड्याला धरून नको. कठड्याजवळ नजर आपोआप खाली जाते. समोरच्या टोकाकडे किंवा डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडे पाहत सावकाश चाललं तरी नऊ-दहा मिनिटांत पूल संपतो. पन्नास-साठ पावलांतच घाम फुटला किंवा पाय जड झाले, तर हट्ट न करता परत फिरावं. मधल्या भागातून परतणं जास्त अवघड जातं.

प्रश्न : मी आणि मित्र पूर्ण मार्ग सायकलीने करणार आहोत. कुठून सुरुवात करावी? रोड बाइक चालेल का?

चढ कुठे आहे ते आधी पाहा. सर्वांत उंच जागा म्हणजे ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, म्हणजे जिथून पावसाचं पाणी दोन वेगळ्या दिशांना वाहतं ती जलविभाजक रेषा, उंची २,३९२ फूट. ती कंबरलंडपासून २४ मैलांवर आणि पिट्सबर्गपासून १२६ मैलांवर आहे. म्हणजे कंबरलंडहून निघालात तर सुमारे १,७५० फूट चढाई पहिल्याच दिवशी संपते आणि पुढे उतारच उतार. पिट्सबर्गहून निघालात तर चढ इतका मंद की जाणवतही नाही, आणि शेवटचे २४ मैल मजेचा उतार. कंबरलंडच्या बाजूचा चढही पावणेदोन टक्क्यांच्या आतला आहे. दम काढत नाही, पण संपतही नाही. पाय ताजे असताना तो उरकावा, म्हणून आमचं मत कंबरलंडहून निघण्याचं. तसं केलंत तर मायर्सडेलपर्यंत आठ मैल उतरून पूल पहिल्याच दुपारी लागतो.

२५ मिलिमीटरचे टायर असलेली रोड बाइक नको. किमान ३२, शक्यतो ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर लावा आणि हवा जरा कमी ठेवा. ओली चुनखडी पिठासारखी चिकटते. चेन, ब्रेक, गिअर सगळीकडे तिचा लेप बसतो. वाळली की ती कानशीसारखी घासते आणि नवी चेनही कुरकुरू लागते. पावसातून आल्यावर संध्याकाळी बाटलीतलं पाणी ओतून चेन धुवा, फडक्याने पुसा आणि मगच तेल घाला. धुतल्याशिवाय तेल घातलं तर आत राखाडी मलम तयार होतं, ते काढायला मग घासत बसावं लागतं. प्रत्येकी दोन ट्यूब, एक जादा क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) आणि ब्रेक पॅडचा एक जोड बरोबर ठेवा.

परतीसाठी ॲमट्रॅक या अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वे कंपनीची ‘फ्लोरिडियन’ गाडी पिट्सबर्ग, कॉनेल्सव्हिल आणि कंबरलंडला थांबते, मायर्सडेलला थांबत नाही. सायकलीची जागा तिकिटाबरोबर आधीच राखावी लागते. ऐन वेळी स्टेशनवर सायकल चढवू देतील या भरवशावर राहू नका.

प्रश्न : पुलाचा चांगला फोटो कुठून मिळतो? खालून खरंच अजून रेल्वे जाते का?

जाते. वर सांगितलेला प्रतिस्पर्धी मार्ग आज सीएसएक्स कंपनीकडे आहे आणि तो या पुलाखालूनच जातो. शेजारी नदी, शेतं आणि यूएस २१९ हा महामार्ग. मालगाड्यांचं वेळापत्रक प्रवाशांना मिळत नाही, थांबायची तयारी हवी. आधी दूरवरून भोंगा ऐकू येतो. मग एकावर एक रचलेले कंटेनर बरोबर तुमच्या पायांखालून सरकू लागतात आणि डब्यांची छपरं मोजता येतील इतकी स्पष्ट दिसतात. यासाठी तासभर थांबावं लागलं तरी थांबा.

पुलावर उभं राहून पूल दिसत नाही, त्यामुळे मनोऱ्यांसकट फोटो हवा असेल तर गाडीने खालच्या गावरस्त्यांवरून फिरा. रुळांजवळ किंवा शेतात शिरू नका, दोन्ही खासगी जागा आहेत. ऊन तिरपं असतं तेव्हा मनोऱ्यांमधल्या तिरप्या दांड्यांची जाळी उठून दिसते. भर दुपारी ती सपाट काळी येते. पानांचे रंग हवे असतील तर ऑक्टोबरचा मध्य गाठा. कठड्यावर फोन टेकवताना त्याची दोरी मनगटात असू द्या, खाली रस्ता आणि रूळ आहेत.

प्रश्न : डिसेंबरअखेरीस गेलो तर?

पुलावर जाता येतं, पण कंबरलंडहून सायकलीने येता येणार नाही. डिव्हाइडच्या अलीकडचा ३,२९४ फुटांचा बिग सॅव्हेज बोगदा आतलं पाणी गोठून नुकसान होऊ नये म्हणून हिवाळ्यात दारं लावून बंद ठेवतात, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. तेव्हा मायर्सडेललाच गाडी लावून चालत जा. ट्रेलवर बर्फ नसलं तरी पुलावर असू शकतं. जमिनीला खालून थोडी ऊब मिळते. पुलाच्या डेकला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते, त्यामुळे ते आधी गोठतं. बुटांना चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे बरोबर घ्या आणि ते पुलावर पाऊल ठेवण्याआधीच चढवा.