तिसरं कार्ट्रिज घेण्याआधी टर्बोच्या ऑइलचा रस्ता तपासा

दादा, तुम्ही लिहिलंत की वर्षभरात दोनदा टर्बोचं (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलतो तो) कार्ट्रिज, म्हणजे चाकं, शाफ्ट आणि बेअरिंग असलेला मधला भाग, बदललं, तरी पिकअप गाडीला पुन्हा शिट्टीसारखा आवाज आणि सायलेन्सरमधून निळा धूर, आणि मिस्त्री म्हणतात जाड ऑइल टाकून बघू. माझं स्पष्ट मत सांगतो: तिसरं कार्ट्रिज इतक्यात घेऊ नका आणि ऑइलही जाड करू नका. ऑइल टर्बोत कुठून येतं, कुठून परत जातं आणि गाडी बंद केल्यावर त्याचं काय होतं, ते आधी बघा.

टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल वंगण तर आहेच, पण उष्णता वाहून नेणं हे त्याचं तितकंच मोठं काम. लोड घेऊन चढताना टर्बाइनच्या, म्हणजे धुराने फिरणाऱ्या, चाकावर येणारा डिझेलचा धूर ७०० ते ८०० अंशांचा असतो, आणि शाफ्टला (चाकाच्या दांड्याला) धरणारा बुश, म्हणजे बेअरिंगची गोल नळी, तिथून जेमतेम काही सेंटीमीटरवर. बनवणारे आपल्या परीने काळजी घेतात. चाकाच्या मागे पत्र्याची ढाल असते, चाक आणि शाफ्ट जिथे वेल्ड करतात तिथे आत पोकळी ठेवतात, म्हणजे उष्णता शाफ्टमधून सरळ बुशकडे उतरत नाही. तरीही जी उतरते ती ऑइलनेच न्यायची. टर्बोच्या मधल्या बॉडीला फक्त ऑइलचेच दोन पाइप असतील, वरून बारीक फीड आणि खालून जाड रिटर्न, तर तिथे पाण्याचं कूलिंग नाही असं समजा. बऱ्याच पेट्रोल टर्बोंना पाण्याचेही पाइप असतात, आणि इंजिन बंद झाल्यावर गरम पाणी आपोआप वर सरकून थोडा वेळ फिरत राहतं. ती सोय इथे नाही.

आता जाड ऑइलचं. शाफ्ट १.५ ते २ लाख आरपीएमने फिरतो. बुश घट्ट बसवलेला नसतो, तो ऑइलवर तरंगत शाफ्टपेक्षा बऱ्याच कमी वेगाने स्वतःही फिरतो. म्हणजे ऑइलचे थर दोन: शाफ्ट आणि बुशमध्ये एक, बुश आणि बॉडीमध्ये दुसरा. वेग दोघांत वाटला गेल्यामुळे घर्षण कमी, आणि बाहेरचा थर कंप शोषतो. या थरात ऑइल घासूनच तापतं, आणि ती उष्णता वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ऑइल जितकं जाड तितकी घासण्याची उष्णता जास्त, आणि फटीतून वाहणारं ऑइल कमी. तापवणारं वाढलं, थंड करणारं घटलं. शिवाय इगतपुरीच्या हिवाळ्यातल्या पहाटे जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि तेवढा वेळ शाफ्ट कोरडा फिरतो. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड लिहिला असेल तर १५डब्ल्यू-४०च. ४० अंशांना १००च्या आसपास सेंटिस्टोक्स (जाडी मोजायचं एकक) असणारं हे ऑइल १०० अंशांना १४च्या आसपास येतं. ते पातळ वाटलं म्हणून घाबरू नका, फटी याच हिशोबाने ठेवलेल्या असतात.

तुम्ही आणखी एक लिहिलंय, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाशीला भाजी उतरवून परत येताना नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यांसाठीचा माल भरलेला असतो, आणि कसारा घाट चढला की वरच्या घाटनदेवीच्या देवळापाशी गाडी लावून, लगेच चावी फिरवून दर्शनाला जाता. दर्शन जरूर घ्या. पण चावी फिरवली त्या क्षणी ऑइल पंप थांबतो. टर्बाइनची ओतीव बॉडी मात्र अजून धगधगत असते, आणि तिची उष्णता आता शाफ्टमधून बुशकडे सरकत राहते. बेअरिंगचं तापमान सगळ्यात वर जातं ते गाडी बंद केल्यानंतर, काही मिनिटांनी. थांबलेलं ऑइल तिथे करपतं आणि त्याचा कडक कार्बन होतो. तो बुशच्या भोकात, फीड पाइपात आणि टर्बाइनकडच्या रिंगच्या खाचेत बसतो. त्यामुळे घाट चढल्यावर एक-दोन मिनिटं आयडलिंगवर ठेवा. गावात सावकाश चालवून घरी आलात तर याची गरज नाही, शेवटचा किलोमीटरच ते काम करतो.

काढलेलं जुनं कार्ट्रिज मिस्त्रींकडून मागून घ्या, त्याच्यावर कारण दिसतं. टर्बाइनकडचा शाफ्ट निळा-काळा पडलाय तर ऑइल कमी पडलं. बुशवर गोल चरे आहेत तर ऑइलमध्ये कचरा होता, फिल्टर आणि ऑइल चेंबरकडे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीकडे) बघा. टर्बाइनच्या टोकाला कार्बनचा थर असेल तर गरम गाडी बंद करण्याची सवय. फीड पाइप उभा कापून आत बघा. कार्बन दिसला तर नुसता साफ करून बसवू नका, नवीन घाला. दोन्ही वेळा जुनाच पाइप लावला असेल तर माझा पहिला संशय तिथेच आहे.

निळ्या धुराचं एक कारण नव्या टर्बोतही राहू शकतं. शाफ्टच्या टोकांना रबरी सील नसतं, पिस्टनसारखी रिंग असते, आणि ऑइल आत थोपवण्याचं काम मुख्यतः हवेचा आणि धुराचा दाब करतो. टर्बोतून ऑइल आपल्या वजनानेच चेंबरमध्ये उतरतं. रिटर्न पाइप दबलेला असेल, गॅस्केटच्या जागी लावलेलं सिलिकॉन आत लोंबत असेल, किंवा ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबून चेंबरमध्ये दाब वाढला असेल, तर ऑइल टर्बोत साचतं आणि रिंग ओलांडून सायलेन्सरमध्ये जातं. अशा वेळी टर्बो निर्दोष असतो.

हे सगळं तपासून टर्बो खरंच गेलेला निघाला तर बसवताना ऑइल आणि फिल्टर दोन्ही नवीन, रिटर्नला गॅस्केटच, सिलिकॉन नाही. फीडच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवायला सांगा. मग डिझेल बंद ठेवून, रिटर्नमधून ऑइल येताना दिसेपर्यंत थांबून-थांबून नुसता स्टार्टर मारायचा. त्यानंतरच इंजिन चालू करून काही मिनिटं आयडलिंगवर, रेस न करता.