विट्याचे गलाईवाले, पाचशे शिवराया आणि एक होन

विट्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५४. उभी हयात तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या दुकानात गेली, आता दुकान मुलाकडे आणि स्वतः गावी. सांगलीतल्या एका ओळखीच्या घरातला जुन्या नाण्यांचा संग्रह त्यांना एकठोक सात लाखांना सांगितला आहे. त्यात एक सोन्याचा शिवराई होन (मालक त्याचेच तीन लाख धरतो), चाळीसेक चांदीचे रुपये आणि पाचशेच्या आसपास तांब्याच्या शिवराया. काही नाणी ‘वाड्याचा पाया काढताना’ निघाली, असंही मालक सांगतो. वाचकांची १२ लाखांची एफडी आहे, घरात कुणाचा आरोग्य विमा नाही, आणि दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला चार लाख लागणार आहेत. ते विचारतात, ‘‘पाच वर्षांत दुप्पट होतील म्हणतात. एफडी मोडू का?’’

दादा, एकठोक सात लाखांना घेऊ नका. थोडी निवडून घ्या, पण होन सोडून.

तुम्ही लिहिलंय, ‘धातू मला कळतो, फसणार नाही.’ धातू तुम्हाला माझ्यापेक्षा शंभरपट कळतो, आणि नेमकी तिथंच मला काळजी वाटते. शिवकालीन होनाचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. आजचा सोन्याचा भाव लावा. रक्कम तीन लाखांच्या जवळपासही जात नाही. उरलेले पैसे तुम्ही देणार ते नाणं रायगडी पाडलं गेलं यासाठी. आणि ते कसोटीवर उमटत नाही. नकली होन करणाऱ्याला सोन्यात खोट घालायची गरजच नसते. तो जुना दागिना आटवून चोख होन पाडतो आणि कित्येक पट भावानं विकतो. हॉलमार्क सेंटरचं एक्सआरएफ मशीन शुद्धता दाखवेल, वय दाखवणार नाही. अस्सल होन मोजकेच माहीत आहेत. त्यांच्या ठशांशी तुमच्या होनाचा ठसा अक्षराअक्षराने ताडून बघणारा नाणकतज्ज्ञ लागतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथून सुरुवात करा. आणि कृपा करून होन कसोटीवर घासू नका. कस लावलेलं नाणं संग्राहक हातात घेऊन परत ठेवतो.

चांदीच्या रुपयांना तुमचं ज्ञान खरं उपयोगी पडेल. १८३५ च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीचा एकसारखा रुपया आला, १८० ग्रेन म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. त्याआधी टांकसाळ बदलली की रुपयाचा कस बदलायचा आणि सराफ बट्टा कापायचा. म्हणजे हे चाळीस रुपये वेगवेगळ्या कसाचे असू शकतात. वजन करा, मशीनवर शुद्धता बघा, चांदीचा भाव लावा. हा झाला तुमचा तळ. संग्राहकांचा भाव कितीही पडला तरी नाणं त्या दिवसाच्या चांदीच्या किमतीखाली जायचं कारण नाही. या तळावर मालक किती मागतोय ते नाणंनिहाय विचारा. अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया असेल, किंवा फारसीत ‘मुर्तजाबाद’ म्हणजे आपल्या मिरजेच्या टांकसाळीचं नाव वाचता येत असेल, तर आपल्या भागातला संग्राहक चार पैसे जास्त देईल. मोगल बादशहाचं नाव दिसलं म्हणून नाणं बाजूला टाकू नका, मराठ्यांच्या टांकसाळींतल्या बऱ्याच रुपयांवर ते असतंच.

आता शिवराया. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. चकती ठशापेक्षा लहान असायची, म्हणून एखादं अक्षर काठावर कापलेलं दिसतं. ते खोटेपणाचं लक्षण नव्हे. उलट सगळी अक्षरं पूर्ण, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि काठावर कानसलेली सांध्याची रेघ असेल, तर साच्यात ओतलेली नक्कल समजा. ओतीव काम ओळखायला तुम्हाला कुणी शिकवायला नको.

पण शिवराई म्हटलं की ती थेट महाराजांच्या काळची असं धरायचं नाही. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ही नाणी निघाली, पुढे पेशवाईभर पडत राहिली आणि इंग्रजी अमलातही बाजारात फिरत होती. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई पेशवाईतली, आणि ती साध्या स्थितीत आजही नगाला काहीशे रुपयांत मिळते. पाचशेतल्या बहुतेक दुदांडी असतील, तर एकदम काढायला गेल्यावर गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि तांब्याचा मोडीचा भाव धरण्यात काही अर्थ नाही. तुम्ही नमुन्याच्या दोन चिंच-मिठानं घासून लखलखीत केल्या म्हणता. त्यांची किंमत तिथंच उतरली. काळपट हिरवट थर तसाच राहू द्या.

दुप्पट होण्याचा हिशोब करू. सात लाखांचे पाच वर्षांत हातात चौदा पडायचे, आणि विकताना लिलावगृहाचं कमिशन १५ टक्के धरलं, तर बोली साडेसोळा लाखांवर जायला हवी. म्हणजे दरवर्षी जवळपास पावणेएकोणीस टक्के वाढ, तीसुद्धा तुम्ही आज योग्य भावात घेतलंय असं धरून. तेच सात लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर पाच वर्षांनी करापूर्वी सुमारे ९ लाख ८२ हजार, आणि मधेच मुलीची फी आली तर व्याजात थोडी काट सोसून बँकेतून पैसे मिळतात. नाण्यांना व्याज नाही, आणि फीच्या तारखेला गिऱ्हाईक दारात येत नाही.

म्हणून एफडीतले चार लाख मुलीच्या नावानं बाजूला. मग कुटुंबाचा आरोग्य विमा. या वयात तो पुढे ढकलणं मला नाण्यांपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. त्यानंतर ५० ते ७५ हजार या हौसेला द्या, परत येतील न येतील या हिशोबानं. त्यात चांगले रुपये आणि शंभरेक निवडक शिवराया येतील. मालक फोडून द्यायला तयार नसेल तर सोडून द्या.

वाड्याच्या पायाची गोष्ट मात्र गंभीर आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. तसं कळवल्याचा कागद मालक दाखवत नसेल, तर त्या नाण्यांना हात लावू नका. बाकीच्यांसाठी नाणंनिहाय वजन आणि फोटोसह लेखी पावती घ्या, पैसे बँकेतून द्या. दुबईतल्या भाच्यामार्फत विकायचा विचार आत्ताच सोडा: शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. ‘तुमचं नाणं लाखांत घेतो, आधी फी भरा’ असे फोनही येतील. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच आपल्या नावानं चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं.

होन सोडवतच नसेल, तर मालकाकडे तो तपासायला वेळ मागा. ‘दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ म्हणाला तर त्याला देऊ द्या, पण तोवर विसार म्हणून एक रुपयाही देऊ नका.